वाचून दाखवला, समजला, कबूल आहे

कोर्टाच्या आवारात मी बारा वर्षं पाणी भरतेय. सकाळी भरलेला माठ दुपारपर्यंत खडखडीत होतो. कानात पडलेलं मात्र काही रिकामं होत नाही. रोज एखादी साक्ष, एखादं भांडण, एखादा कागद. घरी येऊन भाकरी थापायला बसले की एक आठवतं, त्याला लागून दुसरं येतं, आणि तव्यावरची करपते. शेजारीण म्हणते, "शेवंताबाई, तू तितं पाणी भरतीस का वकिली करतीस?" मी तिला सांगते, वकिलीला नुसता कोट लागतो, पाणी भरायला कंबर लागते.

माझं शिक्षण चौथी पास. पण त्या आवारातले शब्द मला काही वकिलांपेक्षा बरे कळतात. वकिलाला शब्द नुसता वापरायचा असतो. मला तो बाईमाणसाला समजावून सांगायचा असतो. हे काम माझ्या गळ्यात कसं पडलं, ते आधी सांगते.

आमच्या तालुक्याला एकच आवार. मधे लिंबाचं झाड, एका अंगाला कोर्ट, दुसऱ्या अंगाला खरेदीखतं नोंदवायची कचेरी. लिंबाखाली पत्र्याची पेटी पुढं घेऊन गोपाळतात्या बसतात. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, सगळ्या तालुक्याचे दस्त त्यांच्या हातचे. अक्षर मोत्यासारखं, जीभ चुन्यासारखी.

हक्कसोड म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. बाप मेला की कायद्यानं लेकीलाही जमिनीत वाटा असतो. मग भाऊ एक नवं लुगडं घेतात, बहिणीला गाडीत घालून कचेरीत आणतात, आणि "माझा वाटा मी भावांना सोडला" असं लिहिलेल्या कागदावर तिचा अंगठा घेतात. बहीण देते. माहेर तुटू नये म्हणून देते.

माझाही घेतला होता. मला नाव लिहिता येत होतं. मी पेन मागितलं, तर भाऊ म्हणाला, बाईमाणसानं उगं कशाला शाई नासायची. मला वाटलं, बाप मेला याची साक्ष द्यायची आहे. बाप मेलाच होता, मी दिली. काय दिलं ते दोन वर्षांनी कळलं. तोवर त्या लुगड्याची गोधडी झाली होती.

प्रत्येक दस्ताच्या शेवटी एक ओळ असते. "सदरचा दस्त वाचून दाखवला, तो समजला, मान्य व कबूल आहे." तात्या दस्त वाचायचे एका दमात, पुढच्या थांब्यावर न थांबणाऱ्या यष्टीसारखे. बाईला त्यातलं फक्त स्वतःचं नाव ऐकू यायचं. तेवढ्याला ती मान हलवायची. झालं, समजला!

मग कचेरीत नवे साहेब आले. चष्मा लावणारे, जरा भित्रे, पण सरळ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका बाईला विचारलं, "बाई, या कागदात काय लिहिलंय, माहीत आहे ना?"

ती म्हणाली, "व्हय की. दादाला सोसायटीतनं खत मिळायचं हाय, त्येचा कागुद."

दादा पायाकडं बघायला लागला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्या कागदावर खाली त्यांचीही सही होणार होती ना. त्याच दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. तुम्ही चौथी शिकलाय, बायका तुमच्यापाशी पाणी प्यायला येतात, तर यापुढं त्यांचे दस्त तुम्ही वाचून दाखवा आणि अर्थही सांगा, असं म्हणाले. मी हो म्हटलं. मी दाराशी पोचल्यावर त्यांनी परत हाक मारली.

"एक लक्षात ठेवा. तुमच्या वाचण्यामुळं एक जरी दस्त मोडला, तर मला वर जबाब द्यावा लागेल. मग तुमचा माठ या आवारात राहणार नाही."

माठ म्हणजे माझी चूल. तरी मी हो म्हटलं. माझी गोधडी घरी होतीच की.

तात्यांना हे कळलं तेव्हा ते पानाला चुना लावत होते. म्हणाले, "चला, आता गडूतनं कायदा मिळायला लागला."

*

पहिल्याच महिन्यात आली अनूबाई. साठीच्या पुढची, एकटी राहायची, पण मान ताठ. तिच्या शेजाऱ्याला ऊस बाहेर काढायला वाट नव्हती. त्याची गाडी तिच्या रानातून जाऊ द्यावी, असा कागद करायचा होता. भला माणूस होता तो, बाईची ना नव्हती.

मी वाचायला लागले. चौथ्या ओळीवर गाडी अडकली. "यावच्चंद्रदिवाकरौ." तात्यांना विचारलं, हे काय? ते म्हणाले, असतंय तसं. मी परत विचारलं. ते म्हणाले, पुढं वाच. मी पाटी खाली ठेवल्यासारखा कागद खाली ठेवला. मग चिडून त्यांनी अर्थ सांगितला. जोवर आभाळात चंद्र आणि सूर्य आहेत, तोवर.

मी तसंच अनूबाईला सांगितलं. तिनं वर आभाळाकडं बघितलं.

"बाई, एवढं लांब नगं. त्येचा ऊस हाय तवर लिवा."

तात्या म्हणाले, दस्ताची भाषा बदलता येत नाही, बापजाद्यापासून हेच लिहितात, चंद्र-सूर्य दोन्ही लागतात. अनूबाईनं जरा विचार केला. बाजारात वांगी निवडताना करतो तसा.

"मग निदान चंद्र तेवढा काढा. रातीची गाडी कशापायी न्यायची त्येला? माजी कोंबडी बिथरत्यात."

शेजारी हसत हसत कबूल झाला. तात्यांनी दात खाऊन नवा कागद लिहिला, "दिवसाउजेडी" असा शब्द घालून. दस्त नोंदला गेला. साहेब तो वाचून इतके हसले की त्यांना पाणी नेऊन द्यावं लागलं. पण तात्यांनी तो दिवस मनात ठेवला.

*

समन्स म्हणजे कोर्टाचं बोलावणं. ते माणसाच्या हातात द्यायचं. माणूस घेत नसेल तर दाराला चिकटवायचं, म्हणजे ते दिल्यासारखंच.

गजराबाई माळावरच्या वस्तीवर राहायची. शेजारच्या सदाशिवनं तिच्यावर दावा लावला होता. दोघांच्या घरामधल्या भिंतीवरून भांडण. बेलीफ गेला तर ही म्हणाली, मी काय केलं न्हाई, मी कागद घेणार न्हाई. बेलीफनं खळ लावून कागद दाराला चिकटवला आणि जाताना तिला तीन गोष्टी बजावल्या. हा कागद फाडायचा नाही. काढायचा नाही. आणि तारखेला सोबत घेऊन यायचा.

तारखेला सकाळी मी माठ घासत होते. आवारात बैलगाडी शिरली. गाडीत गजराबाई, आणि तिच्या मांडीवर दार. चौकट घरी ठेवून आली होती, एवढंच.

मला म्हणाली, "बाई, ह्ये आत कुठनं न्यायचं?"

आडवं करून नेलं. दोन शिपायांनी धरलं. जज्जसाहेबांनी बराच वेळ दाराकडं बघितलं, मग विचारलं, हे काय आहे. गजराबाई म्हणाली, समन्स. साहेबांनी वाचून बघितलं, तर समन्सच होतं. न फाडलेलं, न काढलेलं, सोबत आणलेलं. बाईची चूक कुठं काढणार?

तेवढ्यात साहेबांच्या मनात आलं, म्हणून त्यांनी विचारलं, "बाई, घराला दार नाही, मग घर कुणाच्या भरवशावर टाकून आलात?"

"सदाशिव बसलाय की राखण. म्हनला, तू ये जाऊन कोर्टात, मी बघतो."

सदाशिव म्हणजे ज्यानं दावा लावला तोच, म्हणजे वादी! कारकुनानं दारात जाऊन तीन वेळा त्याच्या नावाचा पुकारा केला. तो कुठला येतोय, तो हिच्या उंबऱ्यावर तंबाखू मळत बसलेला. वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकला.

दार मात्र कोर्टात महिनाभर राहिलं. कारकुनानं त्याच्यावर नंबर घातला होता, आणि नंबर पडलेली वस्तू अर्ज केल्याशिवाय परत मिळत नाही. तो महिनाभर गजराबाईच्या घराची राखण सदाशिवनंच केली. भिंतीचं काय झालं, ते परत कुणी काढलं नाही.

*

वकिलांची एक खोड आहे. एकमेकांवर तुटून पडायच्या आधी एकमेकांना "माझे विद्वान मित्र" म्हणतात. मिरजेकडची एक बाई हे ऐकून कोर्टातून तरातरा बाहेर आली आणि माझ्याकडं दोन गडू पाणी प्याली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, माझा वकील त्या वकिलाचा मित्र निघाला. वर म्हणतो, तो विद्वान हाय. मग मला त्या विद्वानाकडं का न्हाई घातलं?

तिला मी काय सांगणार. मला स्वतःला बारा वर्षांत या प्रश्नाचं उत्तर सापडलेलं नाही.

*

ताबा हा शब्द कोर्टातला सगळ्यात तापट शब्द. जमीन कागदावर कुणाची आहे ते राहू दे, आज तिथं कोण बसलाय, तो ताबा.

सातारच्या अंगाचे एक हवालदार होते. फौजेतून पेन्शनीत आले आणि भावकीशी रानावरून दावा लागला. वकिलानं त्यांना एक वाक्य सांगितलं, "हवालदार, काय वाट्टेल ते होऊ दे, ताबा सोडू नका." वकिलानं ते सहज सांगितलं असणार. पण फौजेतल्या माणसाला असं सांगायचं नसतं.

त्याच दिवशी त्यांनी रानात बाज टाकली, लोखंडी ट्रंक नेली, आणि चौकीवर बसल्यासारखे बसले. आठ महिने. जेवण रानात, अंघोळ रानात, दाढी रानात. कोर्टाच्या तारखेला यायचे तर आधी बायकोला बाजेवर बसवायचे, तिला चार्ज द्यायचे आणि मग निघायचे. ती बिचारी मला सांगायची, "बाई, मला बी सॅलूट ठोकायला लावत्यात."

मधेच लेकीचं लग्न ठरलं. मांडव गावात घालायचा, असं बायको म्हणाली. हवालदार म्हणाले, आणि ताबा? मांडव रानात पडला. भावकीला आमंत्रण तर द्यायलाच पाहिजे, दावा असला म्हणून काय झालं. भावकी आली. हवालदारांनी त्यांना बांधावरच अडवलं. आत पाय टाकला तर ताबा जाईल. अक्षता बांधावरून टाका. त्या लोकांनी बांधावर ओळीनं उभं राहून अक्षता टाकल्या, बांधावरच बसून जेवले, आणि हवालदारांनी स्वतः वाकून वाकून त्यांना जिलबी वाढली. मीही गेले होते लग्नाला, डोळ्यांनी बघितलंय.

पुढं कोर्टात भावकीच्या वकिलानं त्यांना पिंजऱ्यात घेतलं. आठ महिन्यांत एक दिवस तरी ताबा सुटला असेल, असं त्याला हवालदारांच्या तोंडून काढून घ्यायचं होतं. तुम्ही शपथेवर आहात, खरं सांगा, लग्नाच्या दिवशी रानाचा ताबा कुणाकडं होता?

हवालदार ताठ उभे राहिले. खोटं बोलायची सवय नव्हती.

"साहेब, त्या एका दिवसाचं म्हणाल तर नवरदेवाच्या मामाकडं."

*

आता मायाप्पा. या किश्शात चूक माझी आहे, ते आधीच सांगते.

मायाप्पा जतकडचा मेंढरं राखणारा. अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलायचा. कुठं तरी मारामारी झाली, ती यानं बघितली होती, म्हणून साक्षीला बोलावलं. सकाळपासून माठापाशी बसून घाम पुसत होता. लय घाबरलेला. मला विचारलं, बाई, आत काय बोलायचं असतं? मला दया आली. मी सांगितलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तेवढंच बोल. दुसऱ्यानं सांगितलेलं, कानानं ऐकलेलं बोलायचं नाही. त्याला ऐकीव म्हणतात, वकील लगेच पकडतो.

त्यानं ते तीन वेळा माझ्यापुढं घोकलं. मग आत गेला. खिडकी माठाच्या समोरच आहे, मला सगळं दिसत होतं.

कारकुनानं नाव विचारलं. मायाप्पा. बापाचं नाव विचारलं. मायाप्पा डोकं खाजवायला लागला. परत विचारलं.

"साहेब, ते ऐकीव हाय."

वकील हसले. जज्जसाहेबांनी टेबलावर पेन्सिल आपटली. वय किती?

"ते बी ऐकीवच. आय म्हनायची, मोठ्या पटकीच्या साली."

बरं, जन्म कुठं झाला?

"तितं मी हुतो साहेब. पर बघितल्यालं ध्येनात न्हाई."

जज्जसाहेबांनी विचारलं, तुला हे सगळं शिकवलं कुणी? मायाप्पानं हात लांब करून खिडकीतून माझ्याकडं दाखवलं. मी पदर डोक्यावर ओढून माठाच्या मागं बसले.

"ती माठाजवळची बाई. पर साहेब, मी सांगतो म्हनून खरं मानू नगा. तुमाला ते ऐकीव हुईल. तिला हितं बोलवा आन् सोता बघा."

मला बोलावलं नाही, नशीब. साक्ष मात्र चांगली झाली. मारामारीतली काठी कुणाच्या हातात होती, ते त्यानं असं सांगितलं की उलटतपासणीच्या वकिलाला दुसरा प्रश्न सुचला नाही. जाताना जज्जसाहेब माझ्या माठाशी थांबले, पाणी प्याले आणि गडू पालथा ठेवून गेले.

पण तात्यांना हवं ते मिळालं. ते सरळ कचेरीत साहेबांकडं गेले. ही बाई आधी शब्द बदलायला लावते, आता साक्षीदार शिकवायला लागली, उद्या एखादा दस्त मोडेल आणि तुमच्या नोकरीवर येईल. साहेब भित्रे होते, हे मी सांगितलंच आहे. त्यांनी मला बोलावून तीच अट परत ऐकवली. या वेळी चष्मा पुसला नाही. सरळ बघून सांगितलं. आणखी एक तक्रार आली, दस्त मोडला, की त्याच दिवशी माठ उचलायचा.

*

त्याच आठवड्यात हौसाक्का आली.

माहेर कुंडलच्या बाजूला, उसाचं रान, बारमाही विहीर. दिलेली जतच्या पलीकडं, जिथं पाऊस पडला तर जोंधळा, नाही तर टँकर, आणि यष्टी आली तर आली. बाप वारून सहा महिने झाले होते. दोन भाऊ तिला जीपमधून घेऊन आले होते. थोरला तिच्याहून दोन वर्षांनी लहान, पण बोलायला तोच पुढं. हौसाक्काच्या मांडीवर नवं हिरवं इरकली लुगडं, घडी न मोडलेलं. तिनं त्याच्यावर दोन्ही हात ठेवले होते, कुणाचं तरी सामान सांभाळत बसल्यासारखे.

कागद हक्कसोडीचा. साहेब आतून म्हणाले, बाई, सरळ वाचा. तात्या आज पेटी सोडून आत आले होते. माझ्या मागं येऊन उभे राहिले.

मी सरळ वाचलं. स्वतःकडून एक शब्द घालायचा नाही, असं ठरवूनच वाचलं. गट नंबर वाचला, चारी बाजूंच्या हद्दी वाचल्या. हौसाक्का मान हलवत होती. उत्तरेला कुणाचं रान, पूर्वेला ओढा, हे तिला तोंडपाठ होतं. लहानपणी त्याच रानात ती पाखरं राखायला बसायची, ते ती आपणहून सांगत होती. मग आलं, "विहिरीतील पाण्याच्या हक्कासह."

तिनं मला थांबवलं. "म्हंजे पाणी बी?"

मी म्हटलं, पाणी पण.

थोरला लगेच म्हणाला, "आक्का, आसं काय करतीस? घर तुजंच हाय. कवा बी ये, घागरी भरभरून पी."

"मग कागुद कशाला रं?"

"कागुद काय, आपला कागुद. असावा म्हनून."

धाकट्यानं शाईचं पॅड उघडून ठेवलं. तात्या म्हणाले, वाच पुढं, साहेबांना वेळ नाही. मी शेवटच्या ओळीवर आले. ही ओळ प्रत्येक दस्तात असते. मी ती शेकड्यानं वाचली असेल. "सदरचा हक्क मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाशिवाय सोडून दिला आहे."

हौसाक्का म्हणाली, "ह्ये जरा सावकाश सांगा, बाई. अक्कलहुशारी म्हंजे?"

डोकं ठिकाणावर आहे, असं.

"ते हाय. राजी म्हंजे?"

तयार आहे, असं.

"तयार हायच की मी. भावास्नी न्हाई म्हनायला ते काय परकं हाईत? आन् खुशी?"

माझ्या मानेवर तात्यांचा श्वास लागत होता. मी इतकंच म्हटलं, "खुशी म्हणजे खुशी. तिला दुसरा शब्द नाही."

थोरल्यानं तिचं मनगट धरलं आणि अंगठा पॅडकडं नेला. पॅडपासून चार बोटांवर हौसाक्कानं हात काढून घेतला. हिसडा न देता, पदर सोडवून घ्यावा तसा.

"थांब रं जरा. ती अजून आली न्हाई."

"कोन?"

"खुशी."

कुणाला काही कळेना. तिनं सगळ्यांना समजेल असं सांगितलं. राजी हाय. अक्कल हाय. दडपण तर तुमी कोन करतच न्हाई. पर खुशी लिवलीया आन् ती तर मला झालेली न्हाई. झाली की अंगठा देते. लुगडं मांडीवरून उचलून तिनं बाकावर ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली.

साहेब उठून बाहेर आले. "बाई, तुम्ही दस्ताला नकार देताय का?"

"न्हाई बा. नकार कशाला द्यू? मी फकस्त वाट बघतीया."

थोरला तात्यांवर घसरला. तात्या म्हणाले, सोपं आहे, तो शब्दच खोडू, नुसतं "राजीने" ठेवू. साहेबांनी चष्मा काढला. "खुशीने" खोडलेला दस्त मी कसा नोंदवू, म्हणाले, मग बाईची खुशी नव्हती हे आपणच लिहून दिल्यासारखं होईल. तात्यांनी खोडायला काढलेलं पेन परत खिशाला लावलं.

भाऊ चार वाजेपर्यंत बसले. धाकट्यानं तिला चहा आणून दिला. तिनं घेतला. थोरल्यानं बापाची आठवण काढली. ती रडली, पदरानं डोळे पुसले. थोरल्यानं आशेनं पॅड पुढं सरकवलं. ती म्हणाली, "ह्ये दुसरं हाय रं. ही खुशी न्हवं."

साडेपाचला कचेरी बंद झाली. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी माठाकडं बघितलं. उद्या हा कुठं न्यायचा, असा विचार मनात आला होता, खोटं कशाला सांगू. साहेबांनी तात्यांना विचारलं, "तात्या, दस्त मोडला का?"

तात्या बराच वेळ पेटीचं कुलूप लावत होते. कायद्यात खोटं बोलायचा माणूस नव्हे तो.

"मोडला म्हनता येत न्हाई," ते म्हणाले. "थांबलाय."

"मग बाईंचा माठ तिथंच राहू द्या."

याला पाच वर्षं होत आली. परवा हौसाक्का मला सांगलीच्या यष्टी स्टँडवर भेटली. जरा भरली होती अंगानं. मी विचारलं, काय गं, कागदाचं काय झालं? म्हणाली, कागद तात्यांच्या पेटीत आहे, जसाच्या तसा. थोरला आता दर भाऊबीजेला न चुकता येतो. लुगडं आणतो, पोरांना खाऊ आणतो, एकदा तर गुळाची अख्खी ढेप आणली. पाटावर बसतो. ही ओवाळते. आणि उठायच्या आधी, आजूबाजूला कोण नाही असं बघून, तो हळूच विचारतो, "आक्का, आली का गं?"

"मग तू काय म्हणतीस?"

"म्हनते, निघालीया रं. पर जतची यष्टी, तुला ठावंच हाय."